तांब्याचे घंगाळ

फार पूर्वी चंपानगरीत मणिकेतु राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या सरोवरात एका गोगलगायीच्या पोटी जन्माला आला होता. सरोवरात पिवळ्या गोगलगायी पुष्कळ होत्या, पण त्याचे कवच पिकलेल्या लिंबाच्या रंगाचे होते. ऊन पडले की ते पाण्यातून सोन्यासारखे दिसे, म्हणून सरोवरातल्या सगळ्या गोगलगायी त्याला सोन्या म्हणत.

ते सरोवर फार जुने होते. तळाशी मऊ काळा चिखल होता आणि काठाला चुनखडीचे दगड होते. त्या दगडांचा अंश पाण्यात उतरे आणि त्यातूनच गोगलगायींची कवचे वाढत. दगडावरचे शेवाळ आणि तळाशी पडलेला कुजका पाला हेच त्यांचे अन्न. त्यांच्या जिभेला बारीक दात असतात. त्या जिभेने त्या दिवसभर दगड खरवडत, आणि म्हणूनच सरोवराचे पाणी नितळ राही. नगरातल्या बायका तेच पाणी भरून नेत. पाणी कोण स्वच्छ ठेवते हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते, आणि गोगलगायींनाही ते कोणाला सांगावेसे वाटले नव्हते.

गोगलगायीला एक दार असते. पायाच्या मागच्या बाजूला एक कठीण चकती असते. भीती वाटली की ती अंग आत ओढून घेते आणि चकतीने कवचाचे तोंड बंद करते. करकोचा आला की दार बंद. उन्हाळ्यात सरोवर आटू लागले की ती चिखलात खोल शिरते आणि दार लावून झोपते, ती पाऊस येईपर्यंत. त्यांची सगळ्यांत म्हातारी पंका आत्या लहान पिल्लांना एवढेच शिकवी, "पळता आपल्याला येत नाही, चावता येत नाही. दार लावता येतं. तेवढं नीट लावा."

एकदा मणिकेतु राजा शेजारच्या राजाकडे पाहुणा म्हणून गेला. तिथल्या सभागृहात त्याने स्फटिकाच्या भांड्यात पोहणारे लाल मासे पाहिले. परत आल्यावर त्याला जेवण गोड लागेना.

त्याच्या वाड्याचा कारभारी पर्णदत्त मोठा चतुर माणूस होता. तो म्हणाला, "महाराज, मासे काय, कोणीही ठेवील. आपल्या सरोवरात सोन्याच्या गोगलगायी आहेत. वर्धापनदिनाला सगळे राजे यायचे आहेत. सभागृहाच्या मधोमध तांब्याचं भलं मोठं घंगाळ ठेवू. आरशासारखं लखलखीत. त्यात त्या सोन्याच्या गोगलगायी फिरताना पाहिल्या, की तो स्फटिकवाला पुन्हा माशांचं नाव काढणार नाही."

राजाची भूक परत आली.

दुसऱ्याच दिवशी पर्णदत्ताची माणसे टोपल्या घेऊन सरोवरात उतरली. चिखल उपसून त्यांनी गोगलगायी बाहेर काढल्या. पिवळ्या तेवढ्या टोपलीत टाकल्या आणि काळ्या, तपकिरी काठावर उन्हात फेकल्या. काठाच्या ओल्या मातीत घातलेली पांढरी अंडी त्यांच्या पायांखाली चिरडली. त्या मातीत काय आहे हे वाकून बघायला किती वेळ लागला असता? पण ज्याची किंमत वाटत नाही त्याच्याकडे माणूस वाकून बघत नाही.

पंका आत्याचे कवच जुने झाले होते, पण रंग पिवळाच होता. तीही टोपलीत आली, आणि बोधिसत्त्वही.

वाड्यावर आणल्यावर पर्णदत्ताने नाकाला उपरणे लावले. "शी! काय हा चिखल! धुऊन काढा सगळ्यांना. महाराजांच्या सभेत चिखल चालायचा नाही." मग त्यांना राखेने घासले. सरोवराचे पाणी गढूळ असे पर्णदत्ताला वाटे, म्हणून पावसाचे साठवलेले पाणी दाट कापडातून पुन्हा पुन्हा गाळून आणले. आणि तांब्याचे घंगाळ लखलखीत राहावे म्हणून ते रोज चिंचेने घासायचे ठरले. घासून झाल्यावर ते विसळायचेही नाही, कारण विसळले की तेज उतरते असे पर्णदत्ताचे मत होते.

ज्यांनी कोणी आपल्या स्वयंपाकघरात तांब्यापितळेची भांडी वापरली असतील, त्यांच्या लक्षात हे लगेच येईल. तांब्याच्या भांड्यातले नुसते पाणी माणसाला चांगले. पण त्यात आंबट मिसळले की भांड्यातले तांबे पाण्यात उतरते. माणसाला त्याने मळमळते. गोगलगायीचे तर सगळे अंगच उघडे, तिला ते जाळून टाकते. शिवाय त्या गाळलेल्या पाण्यात दगडाचा अंशही नव्हता. चिंचेचे आंबट त्यांच्या कवचांवर लागले आणि सोनेरी कवचांवर पांढरे खड्डे पडू लागले.

पहिल्याच दिवशी एका तरुण गोगलगायीने दार उघडून पाय बाहेर काढला. तो तांब्याला लागताच आखडला. संध्याकाळी तिचे दार सैल होऊन लोंबू लागले. ते पाहून बाकीच्यांनी दारे लावून घेतली.

पर्णदत्ताने मेलेली गोगलगाय चिमटीत धरून बाजूच्या टोपलीत टाकली आणि सेवकाला म्हणाला, "दुसरी आण. सरोवरात काय कमी आहेत का?"

हे एकच वाक्य तो रोज म्हणू लागला. रोज काही मरत, रोज नव्या येत. मेलेल्यांची टोपली चुन्याच्या भट्टीवर जाई. राजाच्या नव्या महालाच्या भिंतींना गिलावा चालला होता, त्याला कवचांचा चुना फार शुभ्र निघतो असे गवंडी म्हणत. म्हणजे पर्णदत्ताच्या हिशेबी काहीच वाया जात नव्हते! गोगलगायींच्या हिशेबी काय जात होते, ते विचारायला तिथे कोणी नव्हते.

वर्धापनदिन उजाडला. सगळे राजे जमले. सभागृहाच्या खिडकीतून ऊन घंगाळात पडले होते आणि तांबे नुसते पेटल्यासारखे दिसत होते. पाहुणे भोवती उभे राहिले. तळाशी सगळ्या गोगलगायी दारे लावून निपचित पडल्या होत्या.

स्फटिकाचे भांडे असलेला राजा वाकून बघू लागला. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मणिकेतुराजे, भांडं सुरेख आहे. पण यात गोटे कशाला टाकलेत?"

सगळी सभा हसली. एक जण म्हणाला, "गोटेच ते. बघा ना, किती शांत पोहताहेत!" पुन्हा हशा झाला.

पाहुणे जेवायला गेले आणि मणिकेतु मागे राहिला. त्याचा चेहरा तांब्यापेक्षा लाल झाला होता. त्याने हातातली वेताची काठी घंगाळात घातली आणि एकेका गोगलगायीच्या दारावर ठोकू लागला.

"उघड! राजा दारात उभा आहे आणि तू दार लावून घेतेस? उघड म्हणतो ना!"

एकही दार उघडले नाही.

पर्णदत्ताला आपल्या चुकीची शंका आली नसेल असे नाही. पण चूक कबूल करण्यापेक्षा दुसऱ्याच्या माथी मारणे सोपे असते. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, हा नुसता हट्ट आहे. एवढं शुद्ध पाणी, एवढं महागाचं भांडं, आणि यांना चिखलच प्यारा! यांना धाक हवा."

राजा म्हणाला, "मग ऐका. संध्याकाळपर्यंत यांनी दारं उघडली नाहीत, तर या सगळ्या भट्टीत जातील. आणि यांच्या त्या सरोवरात एकही ठेवू नका. गाळ उपसून काढा आणि सगळ्या चुन्यात घाला. माझ्याच राज्यात राहून माझं हसं करता काय!"

गोगलगायी घंगाळाच्या तळाशी एकमेकींना चिकटून होत्या. कवचाला कवच लागले की दार बंद असतानाही त्यांना एकमेकींचे बोलणे ऐकू येई.

बोधिसत्त्व म्हणाला, "आत्या, ऐकलंस?"

"ऐकलं रे. बहिरी नाही झाले अजून. मेल्यांनी घासून घासून अंगाची सालटी काढलीत तेवढी. लग्नातल्या नवरीला कोणी एवढं घासत नाही."

"आत्या, मी दार उघडतो."

पंका आत्या म्हणाली, "सोन्या, वेडा आहेस का? बाहेर काय आहे ते माहीत आहे ना तुला? ती पोर कशी आखडली ते पाहिलंस ना? दार लावून पड. आपल्या सगळ्या जन्माचं शहाणपण तेवढंच आहे."

"आत्या, करकोचा आला की आपण दार लावतो, कारण करकोचा कंटाळून निघून जातो. उन्हाळ्यात दार लावतो, कारण उन्हाळा कधीतरी संपतो. हा राजा निघून जाणार नाही आणि संपणारही नाही. आपण गप्प पडलो तर सरोवरातली पिल्लंसुद्धा भट्टीत जातील. त्यांना तर कशासाठी मेलो हेही कळणार नाही."

"आणि तू बोलून तो ऐकेल?"

"ऐकेल की नाही ते ठाऊक नाही. पण त्याला कोणी सांगितलंच नाही, असं तरी होणार नाही."

आत्याचा आवाज बारीक झाला. "मग भराभर बोल, बाळा. आपल्या जातीसारखं सावकाश बोलत बसू नकोस."

बोधिसत्त्वाने दार उघडले.

घंगाळाशी त्या वेळी राजा, पर्णदत्त आणि राणी सुभगा उभी होती. जेवणघरातून ती राजाला बोलवायला आली होती. सोनेरी गोगलगाय हळूहळू बाहेर आली, तिची शिंगे पसरली आणि ती घंगाळाची भिंत चढू लागली. जिथे तिचा पाय तांब्याला लागे तिथे त्याला चटका बसे, आणि तरी ती चढत होती. काठाशी येऊन तिने मान वर केली.

पर्णदत्त टाळी वाजवून ओरडला, "पाहिलंत महाराज! धाक दाखवला की कशी उघडली!"

"धाकाने नव्हे," बोधिसत्त्व म्हणाला. "धाकाने आम्ही दार बंद करतो. मी रागाने उघडलं आहे."

गोगलगाय बोलताना ऐकून राजाच्या हातची काठी थांबली.

"महाराज, आमच्या सरोवरावर करकोचा येतो. तो आम्हाला खातो. आमचा त्याच्यावर राग नाही. त्याला पोट आहे, ते भरलं की तो उडून जातो. तुम्ही इतक्या जणी नेल्यात. तुमचं पोट कुठं आहे ते दाखवा. कुठवर भरायचं आहे ते तरी आम्हाला कळू द्या."

राजाने काठी मागे घेतली.

"आम्ही तुमच्याकडे काही मागायला आलो नव्हतो. तुमच्या बायकापोरांचं पाणी आम्ही स्वच्छ ठेवत होतो, त्याबद्दल आम्ही काही मागितलं नाही. तुम्ही आम्हाला घरातून उचललंत, विषात ठेवलंत, आणि आम्ही जीव वाचवायला दार लावलं तर काठी ठोकून म्हणता, हा हट्ट! जो मरतो आहे त्यालाच उद्धट म्हणायचं, ही कुठली रीत?"

"विष?" पर्णदत्त भडकला. "महाराज, जिभेला हाड नाही हिच्या! हे गाळून गाळून शुद्ध केलेलं पाणी आहे. चिखलात जन्मलेल्यांनी शुद्धतेला नावं ठेवावीत?"

"चिखलाने आमच्यातलं कोणी आजवर मारलं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "तुमच्या शुद्धतेने रोज टोपलीभर मारले." त्याचा पाय आता कडेने आखडू लागला होता. तो राणीकडे वळला. "आईसाहेब, आपल्या पाकशाळेत ताक होतं का?"

राणी गोंधळली. "होतं की. रोजच होतं."

"मग आजचं ताक या घंगाळात ओतून ठेवता का? भांडं इतकं शुद्ध आहे."

"या घंगाळात? छे, छे!" राणी पटकन म्हणाली. "कल्हई नाही याला. ताक कळकेल. माणसं ओकतील."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आले. तिने घंगाळाच्या काठावरून बोट फिरवले आणि ते जिभेला लावले. चिंचेचा आंबटपणा लागला आणि त्यामागून तांब्याची ती कडू, घाण चव आली.

तिने पर्णदत्ताकडे पाहिले. "तुम्ही हे चिंचेने घासता? आणि विसळत नाही?"

"राणीसाहेब, तेज राहावं म्हणून... आणि ताकाची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी कशी?" राणीचा आवाज चढला. तिला इतक्या मोठ्याने बोलताना वाड्यात कोणी ऐकले नव्हते. "ताकाला जीव नाही म्हणून त्याची काळजी, आणि यांना जीव आहे म्हणून यांची नाही? माझ्या घरातली शेवटली दासीसुद्धा या भांड्यात आमटी ठेवणार नाही. आणि तुम्ही यात जीव ठेवलेत! रोज मरत होत्या ना? रोज दिसत होतं ना तुम्हाला? मग रोज दुसऱ्या आणताना हात कसा अडखळला नाही?"

पर्णदत्ताने मान खाली घातली.

राणीने त्याचे उत्तर ऐकायला वेळ घालवला नाही. तिने सरोवराच्या पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरी मागवल्या आणि स्वतःच्या हातांनी एकेक गोगलगाय उचलून त्यांत ठेवली. राजा आधी नुसता पाहत होता. मग त्याने काठी टाकली आणि तोही वाकला. त्या दिवशी चंपानगरीतल्या लोकांनी आपला राजा घागर खांद्यावर घेऊन सरोवराकडे चालताना पाहिला. पाहुणे राजे गच्चीतून बघत होते आणि काही हसतही होते. मणिकेतूने वर पाहिले नाही.

सरोवराशी आल्यावर तो थबकला. तो कितीतरी दिवस इकडे फिरकलाच नव्हता. पाण्यावर हिरवी साय धरली होती, कुजक्या पाल्याचा वास येत होता, आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन काठावरून परत चालल्या होत्या. काठभर काळी कवचे वाळून पडली होती. पाय ठेवला की फुटत होती.

राणीने घागरी पाण्यात आडव्या केल्या. पंका आत्या चिखलात पडली. चिखल अंगाला लागताच तिचे दार किलकिले झाले आणि पहिली शिंगे बाहेर आली. एकेक करून इतरांचीही दारे उघडू लागली.

बोधिसत्त्वाला राजाने स्वतः तळहातावर घेतले होते. त्याचा पाय अर्धवट बाहेर होता आणि दार उघडेच होते. जिवंत गोगलगायीच्या दाराला बोट लावले की ते लगेच घट्ट मिटते. राजाने बोट लावले. दार मिटले नाही. त्याने पुन्हा, अगदी हळू, बोट लावले.

"मीट," तो म्हणाला. "लाव रे दार. लाव. माझ्या तोंडावर लाव."

थोड्या वेळापूर्वी ज्या दारावर त्याने उघडण्यासाठी काठी ठोकली होती, ते मिटावे म्हणून तो गुडघे टेकून बसला होता. दार त्याच्या बोटाखाली सैल हलत राहिले.

तळाच्या चिखलातून पंका आत्या म्हणाली, "राजा, आता त्याला खाली ठेव. ज्याच्यासाठी उघडलं होतं ते काम झालं."

राजाने त्याला काठाच्या ओल्या मातीत ठेवले आणि माती सारखी केली. त्या दिवसापासून त्याने सरोवरातून कोणताही जीव शोभेसाठी उचलण्यास मनाई केली. पर्णदत्ताला त्याने सरोवराच्या काठी झोपडी बांधून दिली आणि पाण्यातला कुजका पाला स्वतःच्या हाताने काढण्याचे काम त्याला दिले, पाणी पुन्हा नितळ होईपर्यंत. राणीने घंगाळाला कल्हई करवली आणि ते अन्नछत्रात वरण वाढायला पाठवून दिले. नव्या महालाच्या भिंती मात्र अर्ध्या पांढऱ्या तशाच राहिल्या. त्यांना पुढे चुना लावू द्यायला राजा कधी तयार झाला नाही.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात सांगितली, तेव्हा त्यांच्यासमोर सुदंत नावाचा एक तरुण भिक्खू बसला होता. एका व्यापाऱ्याने विहाराला पाय धुण्यासाठी तांब्याचे घंगाळ दान दिले होते आणि शोभेला त्यात एक पिवळी गोगलगाय सोडली होती. तिने दार लावून घेतले, तेव्हा सुदंत दातवणाच्या काडीने तिच्यावर टकटक करीत बसला होता. एका वृद्ध भिक्खुणीने ते पाहिले. ती संतापून त्याला बोलली, तेव्हा तो म्हणाला, "आर्ये, मी तिला मारलं कुठं? नुसतं दार वाजवलं. आणि भिक्खुणीने एवढं रागवावं का? क्षमा कुठं गेली?" ही तक्रार शास्त्यांपर्यंत आली होती.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "सुदंता, दार वाजवण्याची तुझी ही पहिली वेळ नव्हे. त्या वेळचा मणिकेतु राजा तूच होतास. पर्णदत्त म्हणजे हा दान देणारा व्यापारी. सुभगा राणी म्हणजे जिच्या रागाची तू तक्रार केलीस ती ही भिक्खुणी. ती तेव्हाही वेळेवरच रागावली होती. पंका आत्या म्हणजे या घंगाळात दार लावून बसलेली हीच गोगलगाय. तुझी काठी तिने तेव्हाही सोसली आणि आजही सोसली. आणि दार उघडणारा तो सोन्या मी होतो."

सुदंताने घंगाळ उचलले. तो विहारामागच्या तळ्यावर गेला, गोगलगायीला चिखलात ठेवले, आणि दार उघडते का हे बघत न बसता पाठ वळवून परत आला.

तो येईपर्यंत शास्ते थांबले होते. मग ते म्हणाले, "भिक्खूंनो, आपल्यावरचा घाव सोसणे ही क्षांती, म्हणजे क्षमा, आहे. पण दुसऱ्यावर घाव पडताना गप्प बसणे ही क्षांती नव्हे. त्या वेळी मनात वैर न ठेवता, जिवाची पर्वा न करता तोंड उघडणे, याला मी सत्य म्हणतो. त्या जन्मी मी बुद्धत्वाकडे नेणारी जी पारमिता पूर्ण केली, ती हीच."